पटावरील परलोक

‘लोक’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. लोक म्हणजे माणसे आणि लोक म्हणजे भुवन. संस्कृतात त्याच्या मुळाशी ‘पाहणे’ या अर्थाचा धातू आहे. अवलोकन, विलोकन हे शब्द त्याच कुळातले. जे डोळ्यांस दिसते तो हा लोक, आणि जे दिसत नाही परंतु मनास पाहावेसे वाटते तो परलोक, अशी व्याख्या कुणी केली तर आम्ही तिला हरकत घेणार नाही. या अदृष्ट भूगोलाचा आपल्या नित्याच्या बोलण्यावर केवढा पगडा आहे! पेढी बुडाली की ती रसातळाला जाते, कारस्थानी मनुष्य पाताळयंत्री ठरतो, ना इकडचा ना तिकडचा राहिला तो त्रिशंकू होतो, आणि अकस्मात भाग्य उजळलेल्या माणसास स्वर्ग दोन बोटेच उरतो. मात्र हे शब्द रोज वापरणाऱ्या आपणांपैकी किती जणांस अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल व पाताळ ही सात नावे क्रमाने सांगता येतील? आम्हांस स्वतःस ती परवापर्यंत सांगता येत नव्हती. ती शिकण्याचा प्रसंग आमच्यावर नववीच्या एका विद्यार्थ्याने आणला.

उकवा हे बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या मार्गावरील, मॅंगनीजच्या खाणीचे गाव. शाळेचे माध्यम हिंदी; घरची भाषा कुणाची पोवारी, कुणाची गोंडी, कुणाची छत्तीसगढी, आणि थोड्या घरांतून मराठी. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सहकाऱ्याने एक जाडजूड वही व फाशांची एक पिशवी आमच्या मेजावर आणून ठेवली. फासे विचित्र होते. एक चार पैलूंचा, एक आठांचा, एक बारांचा, आणि एक तर वीस पैलूंचा. तक्रार अशी की, चार मुले मधल्या सुट्टीत वर्गात बसून ‘नरकाचे नकाशे’ काढतात व राक्षसांशी बोलतात. आम्ही मुख्याध्यापकांच्या जुन्या रीतीस अनुसरून वही व फासे कपाटात कोंडले, आणि मुलांस चार शब्द सुनावून परत पाठविले. त्या सायंकाळी पाऊस थांबेना, म्हणून कार्यालयातच बसलो आणि वही उघडली. प्रस्तुत लेखाचा उगम त्या वहीत आहे.

हा खेळ काय आहे, हे प्रथम सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या वयाच्या बहुतेक शिक्षकांस तो अपरिचित असणार. यात चारपाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र धारण करतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार शब्दांनी एक स्थळ उभे करतो: समोर दगडी दार आहे, दारामागे पाण्याचा आवाज येतो आहे, आता तुम्ही काय करता? खेळाडू आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देतो, आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित तिचा निर्णय फासा करतो. पट असला तर असतो, नसला तरी चालते. रंगभूमी नाही, वेष नाही, प्रेक्षक तर नाहीतच. आपल्या कीर्तनकाराने आख्यान लावावे आणि श्रोत्यांपैकी एकाने उठून ‘महाराज, मी राजाच्या जागी असतो तर वनात गेलो नसतो’ असे म्हणावे, आणि कीर्तनकाराने तेथून पुढची कथा त्याप्रमाणे फिरवावी, तर जे होईल तसाच काहीसा हा प्रकार आहे.

या जातीचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. त्याचे कर्ते दोघे, विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन. खेळण्यातील सैनिक मांडून लढाया करण्याच्या छंदातून हा खेळ निघाला, आणि त्या जन्माची खूण त्यावर कायम राहिली. किती पावलांवर शत्रू, किती दिवसांची वाट, कोणत्या शस्त्राने किती इजा, हे सारे कोष्टकांत बसविलेले असते. या कोष्टकप्रिय मनाने पुढे परलोकावर दृष्टी वळविली. जुलै १९७७ मध्ये गायगॅक्स यांनी ‘द ड्रॅगन’ या मासिकात विश्वाच्या निरनिराळ्या पातळ्यांवर एक लेख लिहिला. १९७८ च्या नियमग्रंथात त्यांची यादी आली, १९८७ मध्ये जेफ ग्रब यांनी त्यांचे स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तक रचले, आणि १९९४ मध्ये डेव्हिड कुक यांनी ‘प्लेनस्केप’ या नावाने त्या पातळ्यांवरील भटकंतीचा एक संपूर्ण संसारच थाटला.

या विश्वाची मांडणी अशी आहे. मध्ये आपला मर्त्यलोक. त्याच्या आतल्या बाजूस पृथ्वी, आप, तेज व वायू यांचे शुद्ध लोक, जेथे त्या त्या तत्त्वाखेरीज दुसरे काही नाही. बाहेरच्या बाजूस एका प्रचंड चाकाच्या कडेने मांडलेले सोळा लोक. ते असे लावलेले आहेत की, एका अंगास सज्जनता तर समोरच्या अंगास दुर्जनता. एका अंगास नियम तर दुसऱ्या अंगास स्वैरता. त्यात सात स्वर्ग आहेत, नऊ नरक आहेत, आणि ६६६ थरांचे एक अगाध विवरही आहे. म्हणजे हा नकाशा भूगोलाचा नव्हे, नीतीचा आहे. दिशा उत्तर-दक्षिण नसून बऱ्यावाइटाच्या आहेत. गंमत अशी की, १९७८ च्या यादीत ‘निर्वाण’ हेही एका लोकाचे नाव होते, आणि तो लोक कसला, तर केवळ नियमाचा. ना दया ना दुष्टता. पुढे त्याच लोकाचे नाव ‘मेकॅनस’ झाले. तेथे एकमेकांत गुंतलेली अजस्र दातेरी चाके अखंड फिरत असतात. निर्वाणाची ही अवस्था पाहून एखाद्या पाली पंडितास हसावे की रडावे ते कळणार नाही.

‘प्लेन’, म्हणजे पातळी, हा शब्द या खेळात कोठून आला, याचा शोध घेता आम्ही थेट मुंबईस येऊन पोहोचलो. थिऑसॉफिकल सोसायटी न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट हे १८७९ मध्ये मुंबईस आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचे ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईहून निघू लागले. १८८२ मध्ये त्यांनी आपले ठाणे मद्रासजवळ अड्यार येथे हलविले. आपल्याकडील लोक, भुवन, कोश या कल्पना त्यांनी पाश्चात्य गूढविद्येशी जोडल्या, व विश्व हे एकावर एक पातळ्यांचे आहे ही भाषा इंग्रजीत रूढ केली. त्यांच्यातील लेडबीटर यांनी १८९५ मध्ये ‘द ॲस्ट्रल प्लेन’ या नावाचे पुस्तकच लिहिले. पुढे ही शब्दावली अद्भुतकथांत शिरली, आणि अमेरिकन खेळात ‘ॲस्ट्रल प्लेन’ हे नाव जसेच्या तसे येऊन बसले. नागपूरच्या एका मुलाने दिवाळीत ते उकव्यास आणले, तेव्हा आपलीच एक ठेव फार मोठा फेरा घेऊन, रूप पालटून परत आली, असे आम्हांस वाटले.

पण परलोकांचा पट मांडून त्यावर सोंगटी चालविणे ही गोष्टच मुळी आपणांस नवी नाही. ज्यास मोक्षपट किंवा उत्तरेकडे ज्ञानचौपड म्हणतात, तो खेळ आज सापशिडी या पोरकट रूपात घरोघर आहे. महाराष्ट्रात त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. त्यास समकालीन लेखी आधार नाही आणि हाती असलेले पट पुष्कळ नंतरचे आहेत. तथापि श्रद्धा अशी कुणाकडे बोट दाखविते तेव्हा त्यातही काही अर्थ असतो. पुण्याचे हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजुळ यांनी मराठी मोक्षपटांचा मागोवा घेतला आहे, व डेन्मार्कचे जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात या खेळावर प्रबंध सादर केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी हा खेळ आपल्या देशी नेला. प्रथम काही दिवस त्यावर सद्गुण-दुर्गुणांची नावे ठेवली, नंतर तीही पुसली. उरले ते नुसते आकडे, आणि तेच आपण परत विकत घेतले.

या पटाचे निरनिराळे पाठ आहेत. वैष्णव पट बहुधा बहात्तर घरांचा, जैन पट चौऱ्यांशी घरांचा, आणि सूफी मुसलमानांचा शंभरावर घरांचा. हरीश जोहरी यांनी १९७५ मध्ये इंग्रजी विवरणासह प्रसिद्ध केलेला बहात्तर घरांचा पाठ आम्ही समोर ठेवून एक सबंध रविवार खेळलो. नऊ नऊ घरांच्या आठ ओळी. सोंगटी नांगरटीच्या बैलाप्रमाणे एक ओळ डावीकडून उजवीकडे व पुढची उजवीकडून डावीकडे अशी चालते. पाचव्या घरात भूलोक. त्यापुढे नऊ-नऊ मोजीत जावे: चौदाव्यात भुवर्लोक, तेविसाव्यात स्वर्लोक, बत्तिसाव्यात महर्लोक, एकेचाळिसाव्यात जनलोक, पन्नासाव्यात तपोलोक, एकोणसाठाव्यात सत्यलोक, आणि अडुसष्टाव्यात वैकुंठ. हे आकडे पटावर लावून पाहिले तेव्हा आम्ही थक्क झालो. ही आठही घरे प्रत्येक ओळीच्या बरोबर मध्यभागी, एकावर एक अशी येतात. तळापासून शिखरापर्यंत जणू मेरुदंड उभा आहे! सोंगटी मात्र त्या दंडाने सरळ चढत नाही. ती प्रत्येक ओळीत एकदाच त्यास स्पर्श करते आणि पुन्हा कडेस, मोह, मत्सर, कुसंग, शोक यांच्या घरांकडे फेकली जाते.

रचनाकाराच्या मनुष्यस्वभावाच्या ज्ञानास तर तोड नाही. चोपन्नावे घर भक्तीचे. तेथून शिडी थेट वैकुंठास जाते. त्याच्या लगत पंचावन्नावे घर कशाचे असावे? अहंकाराचे, आणि तेथील सर्प खेळाडूस थेट तिसऱ्या घरात, क्रोधात, आणून टाकतो. एका दानाचा फरक. याहून अधिक काय सांगावे? शिवाय वैकुंठ हे शेवटचे घर नाही. दान अधिक पडले तर सोंगटी वैकुंठ ओलांडून पुढे जाते आणि बहात्तराव्या घरी, तमोगुणात, सापाच्या तोंडी पडून पुन्हा पृथ्वीवर येते. मुक्कामाहून पुढे धावणाऱ्यासही शासन आहे. शाळेच्या कारभारातही हे घर आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

आता तुलना करू. मोक्षपटात खेळणाऱ्यास निवड नाही. कवड्या पडतील तसे जावयाचे. दया करावी की मत्सर, हे कुणी विचारीत नाही. न्याय सारा पटाच्या अंगी, खेळणारा केवळ साक्षी. नव्या खेळात उलट आहे. निवड सारी खेळणाऱ्याची, आणि नरक हे कर्माचे फळ नसून प्रवासाचे ठिकाण. मनुष्य तेथे जातो, दोन सैतान मारतो, एक तलवार घेऊन परत येतो. हे ऐकून आमच्या सहकाऱ्यास जी चीड आली ती अगदीच अस्थानी नव्हती. पण जिवंतपणी परलोकी जाऊन परत येणारे आपल्या वाङ्मयात थोडे आहेत काय? नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, सावित्री यमामागे चालत गेली, अर्जुन इंद्रलोकी पाच वर्षे राहून अस्त्रे व नृत्य शिकून आला. भेद एवढाच की, आपले हे प्रवासी बहुधा विचारून मिळवितात, आणि अमेरिकन प्रवासी बहुधा मारून. मात्र ‘प्लेनस्केप’ची पुस्तके चाळल्यावर हे विधानही आम्हांस थोडे मागे घ्यावे लागते. त्यात एका उत्तुंग सुळक्याच्या माथ्यावर, कड्यासारखे वाटोळे असे एक नगर आहे. त्याच्या कोणत्याही कमानीतून कोणत्याही लोकात जाता येते, पण प्रत्येक दारास किल्ली वेगळी. किल्ली म्हणजे लोखंडाचीच असे नाही. एखादे फूल, एखादी शीळ, एखादा शब्द, एखादा विचारसुद्धा. आणि सीमेवरील गावांतील रहिवाशांची वृत्ती बदलत गेली तर ते सबंध गाव सरकून शेजारच्या लोकात जाते. गावातील लोक पालटले की लोक पालटतो! मराठीत याचा अनुवाद करणाऱ्यास श्लेष शोधण्याचे कष्ट पडणार नाहीत.

आमचे मुख्य म्हणणे आता मांडतो. परलोक रचणारा आपल्या इहलोकाच्या सामग्रीनेच तो रचतो. म्हणून कोणताही काल्पनिक परलोक वाचताना तो कोणत्या गावचा आहे हे विचारावे. भागवताच्या पाचव्या स्कंधात सात अधोलोकांचे वर्णन आहे. आपण पाताळ म्हणजे नरक असे समजून चालतो. भागवतकार त्यास बिलस्वर्ग म्हणतात. तेथे सूर्य नाही, म्हणून दिवस-रात्र नाहीत आणि म्हणून काळाचे भय नाही. नागांच्या मस्तकांवरील रत्नांनी अंधार नाहीसा होतो. सुतलात बळी राज्य करतो आणि त्याच्या दारी स्वतः वामन द्वारपाल म्हणून उभा आहे. नरक निराळे, त्यांची गणती निराळी. भूमीच्या पोटात संपत्ती आहे आणि तेथे प्रकाश वरून येत नाही, तो डोक्यावर वागवावा लागतो, हे ज्यांनी कल्पिले त्यांस खाण ठाऊक असली पाहिजे, असा एक तर्क आमच्या मनात येऊन गेला. तर्कच तो, पण उकव्यात राहणाऱ्यास तो सुचावा हे साहजिक आहे.

आमच्या या जिल्ह्यालगत, सीमेपलीकडे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. गुहेत कोंडल्या गेलेल्यांची लिंगोने मुक्तता केली, ही कथा नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी उतरवून घेतली होती, व त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती छापली. चार खेळाडूंपैकी एक मुलगा गोंड आहे. वहीतील नकाशात डोंगराखाली जी कोंडलेल्यांची गुहा आहे तिच्या तोंडाशी त्याने आपल्या हाताने ‘लिंगो’ असे लिहिले आहे. त्यास हिस्लॉप ठाऊक नाही. त्याचे आजोबा दरवर्षी यात्रेस जातात.

वहीचा मुख्य भाग सूत्रधार झालेल्या मुलाचा. त्याचे वडील खाणीत पाळीवर जातात. त्याने रचलेल्या पाताळात ना सैतान आहे ना अग्निकुंड. दारापाशी एक खिडकी आहे. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाने तेथे आपला पितळी बिल्ला द्यावयाचा व टोपीचा दिवा घ्यावयाचा. परत येताना दिवा देऊन बिल्ला घ्यावयाचा. फळ्यावर एखादा बिल्ला उरला तर कुणीतरी अजून खाली आहे. खाली पाणी ठिबकते, लाकडी टेकू करकरतात, आणि बोलायचे ते थोडके. वर्गातील ‘हमारा गाँव’ या निबंधात याच मुलाने बाजारी मार्गदर्शिकेतून उतरविलेल्या दहा ओळी दिल्या होत्या आणि आम्ही त्यास दहांपैकी चार गुण दिले होते.

आणखी खालच्या थरावर मृतांचा लोक आहे. येथवर वहीची भाषा हिंदी. येथे मात्र समासात एक सूचना होती: ‘यहाँ सब मराठी बोलते हैं.’ आणि खरोखर, तेथे भेटणाऱ्या म्हातारीच्या तोंडी वाक्ये मराठी होती. मोडकी, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा नसलेली, वऱ्हाडीकडे झुकणारी, पण मराठी. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलास बोलावून वही व फासे परत केले आणि मृतांस मराठी का, असे विचारले. तो म्हणाला, “सर, माझी आजी तिकडेच आहे ना. तिला हिंदी येत नव्हती.” मग थोडे थांबून, “आता घरी कुणी बोलत नाही.”

या वाक्यावर अकादमीच्या सभासदांनी काय करावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. मराठीची गणना जिवंत भाषांत होते, संमेलने होतात, आम्हीही जातो. आमच्या गावच्या एका मुलाच्या नकाशात मात्र ती सातव्या थराखाली आहे, तेथे जावयाचे तर बिल्ला देऊन जावे लागते, एवढे आम्ही पाहिले आणि येथे नमूद केले. आम्ही स्वतः त्या मुलाशी आजवर हिंदीतच बोलत आलो होतो, हेही नमूद केले पाहिजे.

खेळ आता शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या कार्यालयाशेजारच्या खोलीत चालतो. त्या मुलाने मृतांच्या लोकाच्या दाराची किल्ली एक मराठी शब्द अशी ठरविली आहे. दार उघडावयाचे तर तो शब्द नुसता उच्चारून भागत नाही, त्याचा अर्थ म्हातारीस समजावून द्यावा लागतो. सूत्रधार तो सांगत नाही. गेल्या शनिवारी उरलेले तिघे आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. पोवार मुलगा पुढे होता. त्यांना ‘उंबरठा’ या शब्दाचा अर्थ हवा होता.